पाणवाट

पेल्यातले चमचे किणकिणले. आधी एकच, कुणी नखानं हळूच छेडावा तसा. मग त्याच्या नादानं सगळे. दुपारची सामसूम होती. आतल्या खोलीत दिव्यश्री पालथी झोपलेली, पंखा एकवर, वरच्या मजल्यावरच्या हेमावती अक्कांचा मिक्सरही आज कधी नव्हे तो गप्प. शिवलीलानं माउसवरचा हात उचलला आणि ओट्याकडे न बघताच लांब करून पेल्याच्या तोंडावर ठेवला. तळहाताखाली चमचे थरथरत राहिले, मुठीत धरलेल्या टोळासारखे. गाडी अजून ऐकू आलीच नव्हती. बेंगळुरूतल्या के. आर. पुरमच्या या रुळांलगतच्या घरात राहायला आल्यापासून तिच्या ध्यानात आलं होतं की हल्लीच्या गाड्या आधी चमच्यांना कळतात, मग खिडकीच्या काचेला, मग पायाच्या तळव्यांना, आणि कानांना कळेपर्यंत अर्धी गाडी निघून गेलेली असते. विजेची इंजिनं. लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये ती लहान होती तेव्हा डिझेलचं इंजिन घाटात असतानाच छातीत धडधडायला लागायचं. आई ताटात आमटी वाढता वाढता पळी तशीच धरून म्हणायची, "आले बघ तुझे बाबा, बोगद्यात हाईत," आणि शिवलीला हात न धुताच पळायची. आता कुणाच्या छातीत काही वाजत नाही. गाडी येते, जाते, आणि मागे फक्त चमचे एकमेकांना टेकून निजतात.

तेही निजले. आत गादीचा आवाज झाला नाही. पोरगी उठली नव्हती. शिवलीलानं हात परत माउसवर आणला, तेवढ्या घाईत पुढचा फोटो आपोआप उघडला गेला होता. त्या फोटोत वासरू होतं. एकटं.

काम तसं साधं होतं. पोरगी झोपली की करायचं, उठली की मिटायचं. घाटातल्या रेल्वेलाइनीच्या दोन्ही अंगांना एका संस्थेनं झाडांना कॅमेरे बांधले होते. पुढून काही हललं की ते आपोआप फोटो काढत. गेल्या उन्हाळ्यातले हजारो फोटो असे बेंगळुरूत येऊन पडले होते, आणि शिवलीलानं एकेक उघडून सांगायचं, यात कोण आहे: सांबर, भेकर, चितळ, गवा, की लाकडं आणायला आलेलं माणूस. किती आहेत, बरोबर पिल्लू आहे का, तोंड कुठं आहे, रुळाकडं की जंगलाकडं. बहुतेक फोटोंत कुणीच नसायचं. वाऱ्यानं गवत हललेलं, नाहीतर गाडीच्या झोतानं कॅमेरा दचकलेला. अशा फोटोंना "रिकामा" लिहून पुढं जायचं. पहिले काही महिने तिला हे फार आवडलं होतं. स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर बसून, बाजूला भिजत घातलेले पोहे, आणि समोर आपल्याच गावाकडचं जंगल. पोरीला मांडीवर घेऊन ती सांबरांचे कान मोजायला लावायची. आता मात्र हे काम या महिन्याअखेर संपणार होतं. यापुढं फोटो संगणकच ओळखणार होता. तिला दुसरी नोकरी मिळाली होती, एचएसआर लेआउटला, रोज जायची. सकाळी दिव्यश्री उठायच्या आत निघायचं आणि ती झोपल्यावर यायचं, हे तिनं कधी तोंडानं म्हटलं नव्हतं, पण सिल्क बोर्डच्या चौकातली गाड्यांची कोंडी ठाऊक असलेल्या कुणालाही ते म्हणायची गरज नव्हती. म्हणून शनिवारी तिचा नवरा अभिजीत दिव्यश्रीला खानापूरला सोडून येणार होता, शिवलीलाच्या आईबाबांकडं. सहा महिने. फार तर आठ. एचएसआरजवळ घर मिळेपर्यंत.

वासरू अगदी कोवळं होतं. गव्याचं वासरू जन्मतं तेव्हा मोठ्या गव्यासारखं काळं नसतं; पिकल्या गवताच्या रंगाचं असतं, पाय मात्र आताच कुणी पांढरे मोजे घातल्यासारखे. एक कान पुढं, एक मागं. ते खडीच्या कडेला उभं राहून रुळांपलीकडं बघत होतं. शिवलीलानं लिहिलं: गवा, एक, पिल्लू, तोंड रुळाकडं. लिहिताना "बरोबर कोण" या रकान्यापाशी तिचं बोट थांबलं. मग तिनं मागचे फोटो उलटे बघायला सुरुवात केली, कामात जे करायची मुळीच गरज नव्हती. आधीच्या फोटोत पांढरा पट्टा, गाडीचा. त्याच्या आधी कळप. पुढं एक थोराड मादी, डावं शिंग टोकाला मोडलेलं, ती रुळांवर चढलेली. मागं तीन-चार पाठी, आणि अगदी मागं, गवतात निम्मं बुडालेलं, हे. म्हणजे कळप पाण्याला उतरत होता, आई पलीकडं गेली, मध्ये गाडी आली, आणि हे अलीकडं राहिलं. एवढंच. तीन फोटोंत उरकलेलं. फोटोच्या खालच्या पट्टीवर कॅमेऱ्याच्या जागेचं नाव बारीक अक्षरांत होतं, रोज डोळ्यांखालून जाणारं आणि रोज न वाचलेलं. तिनं ते आज वाचलं. पाणवाट.

हे नाव कुठल्या नकाशात नव्हतं. ते ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं. कॅमेरे बांधणाऱ्या पोरांना ते एखाद्या जुन्या गँगमननं सांगितलं असणार. घाट उतरताना एक वळण लागतं, दोन्ही बाजूंनी डोंगर कापलेला, आणि मध्ये एकाच ठिकाणी तो कापलेला डोंगर जरा खचून वाट झालेली. वरच्या अंगाला माळ, खालच्या अंगाला ओढा. वर गवत, खाली पाणी, मध्ये रूळ. गवे तिथूनच उतरायचे, रूळ यायच्या आधीपासून उतरत असतील. त्यांची वाट तीच राहिली, फक्त तिच्यावर लोखंड येऊन पडलं. लोंढ्याच्या ड्रायव्हरांचा तिथला एक रिवाज होता, कुठल्या पुस्तकात न लिहिलेला, एकानं दुसऱ्याला शिकवायचा. वळणावर गवे दिसले तर भोंगा वाजवायचा नाही. भोंग्यानं जनावर बिथरतं, बाजूला व्हायचं सोडून रुळावरूनच पुढं पळत सुटतं, कारण दोन्हीकडं उभा डोंगर. गाडी मुंगीच्या पावलानं आणायची. आणि पुढचे सगळे पलीकडं गेले तरी लगेच वेग धरायचा नाही. "शेवटचं वासरू येईपर्यंत थांबायचं," बाबा म्हणायचे. "म्हातारी पुढं असत्येय, वासरं मागं. माणसाला वाटतंय झालं, गेले सगळे. तितंच फसतोय माणूस."

कल्लाप्पा ड्रायव्हर. स्टेशनातले पोर्टर तिला "कल्लाप्पा ड्रायव्हरची लीला" म्हणूनच ओळखायचे. बाबांच्या अंगाला डिझेलचा आणि कांद्याचा वास, आणि डोळ्यांखाली गॉगलचे व्रण. ते ड्यूटीवरून आले की ती त्यांच्या पेटीवर बसून विचारायची, आज गवे होते काय? होते. किती? लई. वासरू होतं? होतं की, तुझ्याएवढं. थांबलात? थांबलो. आणि एकदा तिनं विचारलं होतं, नाही थांबलात तर? तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल. एक वासरू अलीकडंच राहिलं आणि गाडी निघाली, तर? बाबा बुटाची नाडी सोडत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं होतं, "गवी येतीच परत. ती काय वासराला सोडून जातीय होय?" एवढ्या खात्रीनं की शिवलीलाला त्या रात्री छान झोप लागली. पुढं किती वर्षं ती त्या वाक्याच्या आधारानं झोपली. धारवाडच्या हॉस्टेलात, लग्नानंतर बेंगळुरूच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत, दवाखान्यात कळा सुरू झाल्या तेव्हा. गवी येतीच परत.

तिनं पुढचा फोटो उघडला. वासरू, तिथंच. पुढचा, दुसऱ्या दिवसाचा: वासरू. संध्याकाळचा उजेड, गवताच्या तुऱ्यांतून तिरपा, पांढरे मोजे मातीनं मळलेले. मग माकडं, मग एक भेकर, मग तीन रिकामे, मग वासरू. दिवसभर ते कुठंतरी झुडपात दडून राहत असावं आणि ऊन उतरलं की याच जागी येऊन उभं राहत असावं. रूळ ओलांडायचं त्याच्या मनात होतं असं एकाही फोटोवरून दिसत नव्हतं. पुढचे पाय खडीच्या अगदी काठाला, आणि एवढंच. त्यापुढं जणू पाणी होतं. शिवलीलाला ते उभं राहणं ओळखीचं वाटलं, आणि मग कुठून ओळखीचं ते आठवलं. पाळणाघर. मागच्या वर्षी तीन महिने दिव्यश्रीला कोपऱ्यावरच्या पाळणाघरात ठेवून बघितली होती. तिथली बाई कौतुकानं म्हणाली होती, "बहुत अच्छी बच्ची है मॅडम, रोती ही नहीं. बस, दोपहर से जूते पहनके गेट के पास खड़ी रहती है." बूट उलटसुलट घातलेले असायचे. तीन महिन्यांत पोरगी काटकी झाली, आणि घरी आल्यावर बोलेनाशी झाली. शिवलीलानं तिला काढून घेतली आणि हे फोटोंचं काम धरलं. तेव्हा अभिजीत म्हणाला होता, सरी, ठीक आहे, बघू काही दिवस. ते काही दिवस संपले होते.

काल संध्याकाळी दोघांनी मिळून दिव्यश्रीची बॅग भरली. अभिजीतला घड्या घालता येत नाहीत. तो फ्रॉकचे गोळे करून कोपऱ्यांत कोंबत होता. "सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे, लीला."

"तू 'तर' म्हणालास की मला भीती वाटते."

तो हसला. "वीकेंडला जाऊच ना आपण. महिन्यातून एकदा तरी. व्हिडिओ कॉल आहेच रोज. आणि मी नाही का वाढलो निपाणीला आज्जीकडं? पाच वर्षं! काय झालं मला?"

तिनं त्याच्या हातातला गोळा घेऊन त्याची नीट घडी केली. तू अजून दार लोटलेल्या खोलीत झोपू शकत नाहीस, असं ती म्हणाली नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिला ते कळलं होतं. दार जरा किलकिलं ठेवावं लागतं, बाहेरच्या उजेडाची एक रेघ आत यावी लागते, आणि का ते त्याला कधी विचारायचं नसतं. तो वाईट माणूस नव्हता. एवढ्या समजूतदारपणे बोलायचा की भांडायला कुठं पायच ठेवता येत नसे. दोघांनी कमावल्याशिवाय या शहरात राहता येत नाही, हे खरं होतं. आईला इकडं आणता येत नाही, कारण बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं आणि त्यांना बेळगावच्या डॉक्टरशिवाय कुणाचं पटत नाही, हेही खरं होतं. आज्जी-आजोबा जीव टाकतील पोरीवर, हे तर सगळ्यांत खरं. सगळं खरंच होतं. फक्त त्या खऱ्या गोष्टी एकापुढं एक अशा जोडल्या की त्यांची गाडी होत होती, आणि ती कुठं थांबवायची हे तिला कळत नव्हतं.

पुढचे फोटो. वासरू बारीक होत चाललेलं. बरगड्यांच्या जागी सावल्या. मग एका दिवसापासून ते नव्हतंच. गवत होतं, खडी होती, लाइनीच्या दुपदरीकरणात नव्यानं बांधलेली सिमेंटची भिंत होती, आणि वासराच्या उंचीवर नुसती हवा. तिनं लिहिलं: रिकामा. पुढचा: रिकामा. पुढचाही. तिसऱ्यांदा तो शब्द उमटला तेव्हा ती उठली. तिनं खिडकी उघडली. खाली रस्त्यावर एक ऑटोवाला फोनवर कुणाला तरी "स्वल्प वेट माडी", जरा थांबा, म्हणून समजावत होता. तिनं खानापूरला फोन लावला. लावताना मनाला म्हणाली, पोरीच्या स्वेटरचं विचारावं.

"बोल गे. जेवलीस काय?" आईनं पहिल्या रिंगलाच उचलला.

"जेवले. बाबा काय करतायत?"

"काय करणार? पेपर तोंडावर घेऊन झोपल्यात. पोरीचं सामान भरलीस? स्वेटर दोन घाल बघ, हितं थंडी पडूलालीय. आणि दूध पित्येय न्हवं ती? का तुझ्यागत नाक धरून बसतीय?"

"पिते. आई, बाबांना दे ना जरा."

"का गे, काय झालं?"

"काही नाही. एक विचारायचंय."

"इंजिनाचं असलं तर विचारू नको बघ. मग रात्रीपर्यंत माझं डोकं खात बसतील." तरी तिनं हाक मारलीच, "अहो, उठा, लीलीचा फोन." कागद खसखसला, खाट करकरली. मग बाबांचा श्वास ऐकू आला, ऑपरेशननंतरचा, मध्ये जरा अडखळणारा.

"काय गे लीले?"

"बाबा, पाणवाट आठवते?"

"आठवना तर काय! का?"

"तिथं तुम्ही शेवटचं वासरू येईपर्यंत थांबायचा ना? पण कधी... कधी नाही आलं वासरू, तर?"

"राहायचं की कधीकधी. पाठीमागनं गार्ड शिव्या घालूलालाय, पुढनं कंट्रोलवाले. किती थांबणार? एकादं राहायचंच."

"मग गवी परत यायची ना?"

फोनमध्ये खानापूरची दुपार ऐकू येत होती, दूरवर कोंबडा, आईनं नळ सोडलेला.

"तुम्ही म्हणायचात, येतीच परत."

"म्हणायचो की." बाबा घसा खाकरले. "तू रडायचीस गे. न्हाईतर जेवायची न्हाईस. म्हणायचो." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "मी कुठं बघितलोय, लीले? गाडी पुढं जायची. ड्रायव्हरला पुढचं दिसतंय. मागचं कोण बघतोय?"

बाबांनाच काय वाटलं कुणास ठाऊक, ते घाईघाईनं म्हणाले, "तू पोरीची काळजी करू नको. मी स्टेशनवर येतो उतरवून घ्यायला."

"येऊ नका. डॉक्टरांनी जास्त चालू नका म्हणून सांगितलंय."

"तुझ्या डॉक्टरला म्हणावं, नात उतरणार हाय, रिक्षानं जातो. आणि त्या पोरीला सांग, आज्जा गाडी दाखवील. घरामागनंच जातीय."

फोन ठेवल्यावर तिनं चहा टाकला आणि तो उतू गेल्यावर गॅस बंद केला. तिला राग आला नव्हता. कुणावर यायचा? बाबा खोटं बोलले होते असंही म्हणता येत नव्हतं. रोज संध्याकाळी पेटीवर बसून डोळे मोठे करून विचारणाऱ्या पोरीला माणूस दुसरं काय सांगणार. तीसुद्धा आता रोज रात्री दिव्यश्रीला तेच सांगत होती: आम्ही लगेच येऊ, दर महिन्याला येऊ, तू दहा गोष्टी ऐकेपर्यंत येऊ. गोष्टींत सगळ्यांत आवडती होती ती लोंढ्याचीच. अम्मा लहान होती आणि तिचे बाबा इंजिन चालवायचे. ड्रायव्हर नेहमी इंजिनाच्या डाव्या अंगाला बसतो. म्हणून गाडी घाटाकडं जाताना लीलानं क्वार्टरच्या बाजूला उभं राहायचं, आणि गाडी घाटातून येताना रुळांच्या पलीकडं, शंकराच्या देवळापाशी. नाहीतर बाबा दिसायचेच नाहीत, नुसता असिस्टंट दिसायचा, मिशीवाला. एकदा चुकीच्या बाजूला उभी राहिली आणि सगळी गाडी डब्याडब्यानं निघून गेली, बाबांचा हात हललेला पलीकडं, तिला दिसलाच नाही. तेव्हापासून लीला रोज बाबांना आधीच विचारून ठेवायची, आज कुठल्या बाजूला उभी राहू? आणि बाबा नेमकं सांगायचे. बाबांना नेहमी ठाऊक असायचं. इथं दिव्यश्री डोळे मिटता मिटता विचारायची, "आणि मग हात दिसायचा?" "दिसायचा." "रोज?" "रोज."

ती परत टेबलापाशी बसली. पलीकडच्या कॅमेऱ्याचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये होते. ते तिच्या वाट्याला पुढच्या आठवड्यात यायचे होते. उघडू नये असं वाटत असतानाच तिनं उघडले. तारखांवरून शोधत गेली. तोच उन्हाळा, तीच पाणवाट, फक्त उलट अंगानं: ओढ्याकडून रुळाकडं बघणारा कॅमेरा. सांबर. रिकामा. कळप समोरून, पाण्याला उतरताना. आणि दुसऱ्याच दिवशी, उजाडता उजाडता, ती. डावं शिंग टोकाला मोडलेलं. एकटी. खडीच्या काठापर्यंत आलेली, कॅमेऱ्याला आडवी, मान खाली, नाकपुड्या फेंदारलेल्या, कास ताठ भरलेली. पुढच्या फोटोत रुळांकडं पाठ, परत जाताना. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या. ती येत होती. बाबांनी न बघता सांगितलेलं खरं होतं; गवी येत होती, रोज येत होती, आणि रोज लोखंडाच्या काठावरून मागं फिरत होती. कुणी मारली नव्हती तिला, कुणी हाकलली नव्हती. पूर्वी एक रूळजोडी होती, आता दोन झाल्या होत्या, वर तारा, कडेला नवी भिंत, आणि आवाज न करता येणाऱ्या गाड्या. आपल्या चमच्यांसारखं तिला काही नसणार. कधी येईल सांगता येत नाही अशा गोष्टीपुढं जनावर पाऊल टाकत नाही, एवढंच. ती पहाटे यायची आणि वासरू संध्याकाळी.

एका दिवशी मात्र दोघं एकाच वेळी होती. तिनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, वेळा पुन्हा पुन्हा ताडून बघितल्या. डावीकडच्या खिडकीत वासरू, उजवीकडच्या खिडकीत आई. दोघांचीही तोंडं रुळाकडं. आणि दोघांच्या मध्ये, दोन्ही फोटोंत या कडेपासून त्या कडेपर्यंत, मालगाडी. जोरात चाललेली नव्हे, तिचा पट्टा उमटला असता, उभी असलेली. सिग्नल मिळाला नसेल, नाहीतर घाटासाठी मागून लावायचं जादा इंजिन आलं नसेल. तिच्या वाघिणींवरचे, मालाच्या डब्यांवरचे, आकडेसुद्धा स्पष्ट वाचता येत होते. पुढचे फोटो, दोन्हीकडचे: आई, वासरू, वाघिणी. ऊन वाघिणींच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेलेलं. वासरू खाली बसलेलं. आईनं मान वर करून तोंड उघडलेलं. म्हणजे हंबरली असणार. फोटोला आवाज नसतो. वासरू त्यावर उठून उभं राहिलेलं, दोन्ही कान पुढं. त्यानं ऐकलं होतं. मग दोन्ही खिडक्यांत मालगाडी नव्हती, आणि आईही नव्हती. वासरू होतं. तो त्याचा शेवटचा फोटो.

काही करायला उशीर झाला होता असंही म्हणता येत नव्हतं; हे सगळं उन्हाळ्यात घडून गेलेलं आणि आता बाहेर डिसेंबर होता. या साऱ्या जगात त्या दोघांना एकदम बघणारं माणूस म्हणजे ती एकटी, इथं, उतू गेलेल्या चहाच्या वासात बसलेली. तिला वाटलं, अभिजीतला फोन करावा आणि सांगावं, नको, नाही पाठवायची. तो विचारेल, काय झालं एकदम? आणि ती काय सांगणार, गव्याचं वासरू? तो हसणार नाही, तो समजूत काढेल. तिनं फोन हातात घेतला, त्याचं नाव काढलं, आणि त्या नावावर अंगठा नुसता टेकवून ठेवला. दाराशी दिव्यश्रीची बॅग उभी होती, लाल, तिच्यावर हत्ती. शेजारी बूट. कुणी सांगितलं नसताना पोरीनं कालच ते जोडीनं लावून ठेवले होते, यावेळी सुलटे.

"आई."

झोपेतून उठली की ती आई म्हणायची. खेळायला गेली की गल्लीतल्या पोरांसारखं अम्मा. दिव्यश्री दारात उभी होती, गालावर उशीच्या घड्या उमटलेल्या, केस एका बाजूला चिकटलेले. शिवलीलानं लॅपटॉप मिटायला हात नेला, पण पोरगी तोवर मांडीवर चढलीही होती. अंग झोपेनं ऊन होतं. तिनं पडद्याकडं बघितलं.

"हे कोण?"

"गव्याचं बाळ."

"आणि ही?"

"त्याची आई."

"मध्ये गाडी आली?"

"हं."

दिव्यश्री डावीकडच्या खिडकीकडं बघत राहिली, मग उजवीकडच्या, मग परत डावीकडच्या. तिचं तोंड जरासं उघडं राहिलं होतं, विचार करताना राहायचं तसं. "गाडी गेल्यावर भेटली?"

शिवलीला तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. एवढं एक वाक्य, न बघता बोलायचं. बाबांना जमलं होतं. बुटाची नाडी सोडत, मान वर न करता. तिनं ओठ उघडले. ओट्यावर पेल्यातला एक चमचा वाजला, मग दुसरा, मग सगळे. पोरगी मांडीवरून घसरून उतरली, टाचा उंचावून तिनं आईसारखाच तळहात पेल्यावर ठेवला. तिच्या एवढ्याशा हातानं पेल्याचं तोंड झाकलं जात नव्हतं. कडेनं चमचे वाजतच राहिले. गाडी अजून ऐकू येत नव्हती. हात तसाच धरून दिव्यश्रीनं मान वळवली.

"आई, तू मला न्यायला येशील ना, तेव्हा मी कुठल्या बाजूला उभी राहू?"